उसवण्याचा दर

अक्षरामागे बावीस सेंट.
आडनाव लांब असलं की मला बरं वाटतं.
व्हिलानुएव्हा संघात आला, त्या वर्षी
मी नवे बूट घेतले.
ली नावाचा कॅचर आला तेव्हा ओडेट म्हणाली,
याच्यावर काही आपलं पोट भरायचं नाही.

दुकान नदीच्या बाजूला. मिलची चिमणी
तिथून अजून दिसते, धूर दिसत नाही.
चार बायका, चार मशीनं.
पाठीवर नाव सरळ रेषेत बसत नाही,
खांद्यांच्या बेताने वळवावं लागतं.

ऑगस्टात खेळाडूंनी संप केला.
बारमध्ये एकच वाक्य सगळ्यांच्या तोंडी:
चेंडू मारायचे लाखो डॉलर, आणि वर संप!
मीही म्हटलं असतं.
पण घरी बाबा होते, नाकात ऑक्सिजनची नळी,
एकोणसाठच्या संपात मिलच्या फाटकासमोर
पिंपात लाकडं जाळत उभे राहिलेले.
म्हणाले, ल्युबा,
मालकाला बघायला तिकीट काढून कोण जातं गं?
ज्याचा खांदा झिजतो, त्याने भाव सांगावा.
मग नळी सारखी करत,
तरी एवढे म्हणजे जरा अतीच.

फेब्रुवारीत मालकांनी फ्लोरिडात
दुसरीच माणसं गोळा केली.
छपरं दुरुस्त करणारे, पाव पोचवणारे, एक पी.टी.चा मास्तर.
बत्तीस शर्टांची पेटी आली, सोबत यादी.
जायच्या आदल्या दिवशी
ड्वेन पिकरेल, वय चौतीस, स्वतः दुकानात आला,
साठ मैल व्हॅन हाकत. व्हॅनवर पावाचं चित्र.
फक्त बघायचं होतं, म्हणाला, खरंच लिहिताय का.
स्वतःच्या नावावरून त्याने हात फिरवला.
अंगठा 'के'वर थांबला.
दोन मुली आहेत, म्हणाला, बॉयलर गेलाय.
मी काही विचारलं नव्हतं.
आणि मी त्याला सांगितलं नाही
आमच्या घरात त्याच्यासारख्याला काय म्हणतात.
संपफोड्या हा शब्द बाबा जेवताना उच्चारत नसत.

शिवलं मी. बत्तिसांतली नऊ नावं माझ्या वाट्याला,
एकसष्ट अक्षरं, तेरा डॉलर बेचाळीस सेंट.
बाबा तीन दिवस बोलले नाहीत.
चौथ्या दिवशी म्हणाले, सूप अळणी आहे.

मग कुठल्याशा कोर्टात काहीतरी झालं
आणि संप मिटला.
पेटी परत. पिकरेलच्या बगलेत
वाळलेल्या घामाची पांढरी रेघ.
वर चिठ्ठी: ही नावं काढा,
शुक्रवारच्या आत खरी नावं लावा.
'खरी' असंच लिहिलं होतं.

उसवायला शिवण्याहून जास्त वेळ लागतो.
टाका टाका उचलावा लागतो,
नाहीतर कापड ओढलं जातं.
आणि दर?
दर शिवण्याचा. उसवण्याचा कुणी ठरवलाच नव्हता.
वीस वर्षं फुकट उसवत आलो आम्ही,
विकलेले, हाकललेले, गुडघ्यातून गेलेले.
कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.
माझ्याही नाही.

कात्री आधी ओडेटने ठेवली की मी,
यावर आमचं अजून एकमत नाही.

मिस्टर गॅलब्रेथ आत आले. अहो बायांनो,
सामना तोंडावर आलाय, चाळीस हजार लोक येणार!
आम्ही म्हटलं, अक्षरामागे दहा सेंट.
आठ, म्हणाले. मग, नाही, विचारून सांगतो.
काचेपलीकडे फोन कानाला, हात कपाळाला.

टेबलावर पिकरेल अर्धा उसवलेला.
पी आणि आय निघाले होते.
त्यांच्या जागी कापड जरा जास्त पांढरं,
कडेने सुईची भोकं.
इतक्या जवळून
ती दोन अक्षरं अजून वाचता येत होती.

क्लारिसने कॉफी ओतली.
कुणीच पायडलवर पाय ठेवला नाही.