वजनावरचा शिक्का

कोर्ट नाक्याला माझं सहा बाय आठचं दुकान :
झेरॉक्स, बाइंडिंग, पानांना नंबर.
मी कायदा शिकलो तो उभ्या उभ्या,
गरम कागदावरून, आणि निकालाचं पान सोडून.
निकाल माझ्याकडे येत नाही.
येते ती विनंती, सात प्रतींत.

रात्री साडेआठला केतकी ठोसर आली,
वकिलीला सहा वर्षं, डोक्यावर हेल्मेट तसंच.
"काका, दिल्लीचं आहे. पहाटेचं विमान."
दोनशे अडतीस पानं, गुणिले सात.
मी नंबरचा शिक्का काढला. त्याची स्प्रिंग जुनी,
पण माझ्या हाताला तिची सवय आहे.

वाचायचं नसतं. वाचलं जातं.
इंग्रजी मला नाक्यापुरतं येतं, त्यात एवढं कळलं :
न्यायाधीशांच्या वागणुकीवर देखरेख करणारं एक मंडळ,
त्यावर बाहेरची तीन माणसं संसदेने नेमली.
पान अठ्ठ्याऐंशी : चर्चा, अकरा मिनिटं.
पान नव्वद : आवाजी मतदानाने संमत.
मी ते पान ट्यूबलाइटसमोर धरलं.
आवाज कुठेच उमटला नव्हता.
तिघांतल्या एकाच्या माहितीत
'अनुभव' या रकान्यात नुसती आडवी रेघ.

केतकी म्हणते, नेमणूक तपासा.
सरकार म्हणतं, पान एकशे एकतीस,
सभागृहाने निवडलं, कोर्टाने त्यात पडू नये.
आणि तपासणार कोण? तेच,
ज्यांच्यावर उद्या हे तिघे नजर ठेवणार.
सुनेने सासू पारखून घ्यावी, तसं काहीसं.
मला दोन्ही बाजूंचं पटत होतं.
दोन्ही बाजूंचं पटणारा माणूस बाइंडिंग करतो.

जांभळी नाक्याचं दुकान बंद करून
लियाकत तुंगेकर चहाला आला.
तराजू, काटे दुरुस्त करतो, चौथी पिढी.
कागदाच्या रिमवर बसला, नेहमीसारखा.
"तुझी वजनं साहेब तपासतो," मी म्हटलं, "साहेबाची?"
"त्याची मखमली पेटी असते, पितळी वजनांची.
ती वरच्या ऑफिसात जाते. वरच्याची आणखी वर."
"आणि सगळ्यात वरचं?"
त्याची खारी चहात तुटली.
बोटाने काढावी की राहू द्यावी
याचा विचार करत तो म्हणाला,
"त्याला हात लावायचा नाही.
लावला तर घाम चढतो, पुसलं तर झिजतं.
चिमट्याने उचलायचं, श्वास दुसरीकडे सोडून."
"पण उचलायचं?"
"उचलायचं तर! नाहीतर मग ते वजन कसलं,
शोकेसमधला गोळा."

गंमत म्हणून त्याने एक प्रत
पिशवीतल्या काट्यावर ठेवली.
एक किलो, दोनशे साठ ग्रॅम.
"शिक्का?" मी विचारलं.
त्याने काटा उलटा केला, सील चाचपलं.
गेल्या मार्चचं. मुदत संपलेली.
"दुरुस्तीला आलाय, म्हणून तर माझ्याकडे आहे,"
तो जरा रागानेच म्हणाला.

साडेदहाला केतकी परत आली.
सात प्रती, लाल दोरी, पक्क्या गाठी.
पैसे दिले, आणि तिथेच काउंटरवर
वरची प्रत मोजायला लागली.
तीस वर्षं नंबर टाकतोय मी.
माझे कान तापले.
एवढाही भरवसा नाही का,
हे ओठांपर्यंत आलं होतं.
बाहेर शेवटची टीएमटी वळण घेत होती,
तिच्या दिव्याने दुकान एकदा पांढरं झालं.
केतकी अंगठा ओला करून पुटपुटत होती :
दोनशे बारा, दोनशे तेरा,
दोनशे पंधरा.

थांबली.

लियाकत कपाच्या तळाशी काहीतरी बघत होता.
मी उरलेल्या सहांच्या
गाठी सोडायला घेतल्या.