पोच

पोस्टमन आता जिन्यातूनच ओरडतो,
"किताब है, ताई," जसं कुणी "दूध" म्हणावं.
खाकी पाकीट, त्यावर तिरक्या अक्षरात
"अभिप्रायार्थ", आणि खाली
मोबाइल नंबर. दोनदा.

तीस वर्षं वीज मंडळात चुकीची बिलं शोधली.
आता रामबागेतल्या या दोन खोल्यांत
त्रैमासिकासाठी कादंबऱ्या तपासते,
लोकांनी आपल्या खिशातून छापलेल्या.
संपादक ठिपसे म्हणतात, शंभर शब्द पुरेत,
आणि दुखवू नका कुणाला, वर्गणीदार आहेत सगळे.

या खेपेला पाच आल्या.
देवासच्या दंतवैद्याची प्रेमकथा:
नायिका फार हसते, दात मात्र मनापासून वर्णिलेत.
धारच्या कॅशियरचं भूत
बरोबर साडेदहाला येतं, रविवारी फिरकत नाही.
एका ऐतिहासिकेत तलवार सतरा वेळा लखलखते.
मोजली. सवय जात नाही.
एकोणीस वर्षांच्या एका मुलीनं सियागंजात
लग्नपत्रिकावाल्याकडून मंगळावरची वसाहत छापून घेतलीय;
प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर त्याचा गणपती राहून गेलाय.
पण तिच्या मंगळावर पाण्याला जी रांग लागते
तिच्यातल्या बायका भांडतात ते खरं भांडतात.
समासात पेन्सिलनं लिहिलं: ही लिहील.

पाचवी, मल्हारगंजच्या वामन बिडवईंची रहस्यकथा.
कापड मार्केटातला एक मुनीम नाहीसा होतो.
वाक्यं आखूड, टाका घट्ट.
चहा निवला, साय धरली, मी वाचतेच आहे.
पान ऐंशी: मुनीम दुकानाला कुलूप लावतो
आणि पान सत्त्याण्णव: त्याची बायको फौजदाराला सांगते,
"चपला यांच्या नाहीत."

मधला अख्खा फॉर्म नाही. सोळा पानं.

फोन लावला.
"थांबा हं," म्हणाले. सुतळी सुटल्याचा आवाज,
मग पानांची फडफड. एक प्रत. दुसरी. पाचवी.
"दीडशे वाटल्या हो मी.
साडू, डॉक्टर, बँकेतले सगळे. व्याह्यांना शालीसकट.
प्रकाशनाला दोघं बोलले, त्यातले एक गहिवरून.
जो तो म्हणाला, एका बैठकीत संपवली."
मग बराच वेळ नुसता त्यांचा पंखा ऐकू येत राहिला.
"म्हणजे ऐंशीच्या पुढं पोचलेल्या
तुम्ही पहिल्याच."

साभार पोच, असं सदराचं नाव आहे आमच्या.
इतकी वर्षं मी त्याचा अर्थ
पावती, असाच धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी स्वतःच आले. स्कूटर, हेल्मेट,
लवंगी शेवेचा पुडा ("लाच नाही ही, ताई"),
आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत हस्तलिखिताची सोळा पानं.
समोर बसले, गुडघ्यांवर हात,
मीटर तपासायला आलेल्या माणसापुढं
गिऱ्हाईक बसतं तसे.

वाचली.
त्यांत मुनीम सगळं सांगून टाकतो.
लहानपण, कर्ज, सावत्र भाऊ,
चंद्रावरची एक कविता, दीड पानाची.
चपला कुणाच्या, तेही.

आता हे शंभर शब्दांत कसं बसवू,
की ज्याचं नाव पुस्तकात कुठंच नाही,
त्या झोपाळू बाइंडरनं
पुस्तक वाचवलंय?
आणि बसवलं तरी या माणसाला
तोंडावर कसं सांगू, त्याचीच शेव खात?

सांगितलं. मंडळातही असंच सांगायचे,
आकडा आधी, सांत्वन नंतर.

रागावले असावेत. चष्मा पुसला, पुन्हा पुसला.
मग छापील प्रत ओढून ऐंशी उघडलं,
ओठ हलवत वाचलं, पान उलटलं.
कुलूप.
"चपला यांच्या नाहीत."

बोट तिथंच ठेवून त्यांनी वर पाहिलं,
पुस्तक आजच हातात पडल्यासारखं,
आणि मला विचारलं,
"मग?"