पाण्याची अनामत

लिहायचं वॉर्सेस्टर, म्हणायचं वुस्टर.
पहिल्याच आठवड्यात गावानं शिकवलं
की कागदावरचं वेगळं आणि तोंडातलं वेगळं.

मालक शिरगोपीकर, आपलेच, आता ॲरिझोनात.
फोनवर म्हणाले, एक महिन्याचं भाडं माझ्याकडे राहील,
पाण्याचे अडीचशे मात्र असोसिएशनकडे भरा.
नियम त्यांचा, मी काय करणार.
घर त्यांचं, नळ असोसिएशनचा,
तहान तेवढी माझी.

खजिनदार लोरेन पेलेटियर, तळमजला, दारात बर्फाचं फावडं.
कार्बन घालून पावती फाडली.
मालकांकडून घेत नाही, म्हणाल्या, भाडेकरूंकडून घेतो.
भाडेकरू निघून जातात.
आवाजात वाईट काही नव्हतं,
उद्या थंडी आहे म्हणावं, तसं.

अनामत म्हणजे काय, शाल्मलीनं जिन्यात विचारलं.
आपण राहतो म्हणून ठेवून घेतात,
गेलो की परत देतात.
म्हणजे आपण जायची वाट बघतात?
तेव्हा ती सहा वर्षांची होती. मी किल्ली शोधत राहिले.

जानेवारीत उणे एकवीस.
लॉबीत चिठ्ठी, लोरेनबाईंच्याच तिरक्या अक्षरात:
रात्री नळ किंचित सोडून ठेवा, पाइप गोठतात.
ठेवला. खाली पितळी पातेलं.
नव्या घरात झोप न येणारी पोर
त्या थेंबांवर मोजायला लागली,
मराठीत, माझ्या हट्टापायी.
अठ्ठावन्नपर्यंत धडाधड,
एकोणसाठला अडायची.
पन्नासनऊ म्हणून बघायची, साठउणे म्हणून बघायची,
आणि तिथंच झोपायची.
दोन हिवाळे आमच्या घरात
साठ कधी वाजलेच नाहीत.

मग माझी लॅब स्प्रिंगफील्डला हलली.
अनामत मागितली.
शिरगोपीकर म्हणाले, असोसिएशनला विचारा.
असोसिएशन म्हणाली, मालकाची सही आणा.
सही आली ॲरिझोनाहून, पोस्टानं,
तिच्यावर तारीख मागच्या वर्षाची.
सात आठवड्यांनी चेक:
दोनशे सहा डॉलर, चाळीस सेंट.
हिवाळ्यातलं जादा पाणी, वजा चव्वेचाळीस.
चाळीस सेंट म्हणजे व्याज.

भांडायचंच ठरवून गेले.
वाक्यं गाडीत पाठ केली होती.
ती चिठ्ठी तुमचीच, हे पहिलं वाक्य.
चिठ्ठी जपून ठेवायची अक्कल मात्र
मला तेव्हा कुठून असणार.

लोरेनबाईंनी ऐकून घेतलं. हो, माझीच, म्हणाल्या.
पण मीटरला चिठ्ठी वाचता येत नाही,
आणि बिल सगळ्यांत वाटलं की
वरचे मालक माझ्या दारात येतात.
मग कपाटातून लांबट वही काढली,
कडा बोटांनी काळ्या झालेली.
हे बघा, तुमच्याच घरात होती.
ओयेलारान, तिसरा मजला, दीडशे,
गेली सत्त्याण्णव साली.
पत्ता ठेवला नाही, न्यायलाही आली नाही.
तिच्या नावापुढे दर डिसेंबरला
एक छोटा आकडा, त्याच तिरक्या अक्षरात,
निळ्या शाईत, काळ्या शाईत, मध्ये एक वर्ष पेन्सिलनं.
व्याज तिचं आहे, म्हणाल्या. लिहायला नको?

माझी वाक्यं मला आठवेनात.
चव्वेचाळीस डॉलर तसेच राहिले,
अजून खुपतात, खोटं का बोलू.
उठताना मी नवा पत्ता लिहून दिला,
कुणी मागितला नव्हता.

इथं स्प्रिंगफील्डला तीनशे घेतले.
नळ नवा कोरा, गळत नाही,
हीटर मुका.
शाल्मली कूस बदलते, उशी उलटी करते,
आई, इथं काहीच वाजत नाही म्हणते.
साडेअकराला उठले,
नळ केसभर सोडला, पातेलं सरकवलं,
आणि अंधारात पडून राहिले.
हिशेब करत होते, खरं तर,
थेंबाला किती पडतील.

पलीकडे ती सुरू झाली.
आता आठ वर्षांची आहे.
एकोणसाठ म्हणाली, न अडता.
एकोणसत्तर.
एकोणऐंशी.
अजून जागीच.