रिकामी खाच

उलानबातरच्या बाजारात, तळघरात, माझा गाळा
दोन हात रुंद. बाहेर उणे एकतीस.
झोलबू आला तेव्हा पापण्यांवर बर्फ,
आणि कोटाच्या आत, छातीशी, कोकरासारखा धरलेला
लॅपटॉप.

लगेच चालू करू नकोस, म्हटलं.
थंडीतून आलेल्या यंत्राला आतून घाम फुटतो.
अर्धा तास चहा घेत बसलो, मीठ घातलेला.
लॅपटॉप टेबलावर, टॉवेलखाली,
पाहुण्यासारखा.

"ताई, तो दमतो. वीस मिनिटं बरा चालतो,
मग ट्रक अडखळतो."
कसला ट्रक?
"खेळातला."

झाकण उघडलं. ओळखीची जात.
आखूडशिंगी, बहुदुधी म्हणून विकलेली:
कळांखाली लाल दिवे, पाठीवर लाल ज्वाळा,
आणि आत चार जीबीची ग्राफिक्स चिप, पन्नास वॅटला बांधलेली.
आखूड दाव्याचा घोडा,
धावायचं ते खुंट्याभोवतीच.
पडद्याचे रंग पाणी घातलेल्या ताकाचे.
डावी बिजागरी चिरलेली. बॅटरी पाऊण तास.
नावं ठेवायला मला एक मिनिट लागलं.
त्याच्या आईला हप्ते फेडायला चौदा महिने लागले होते,
हे त्यानं नंतर सांगितलं.

अकरा स्क्रू. बारावा नव्हताच.
तळ काढला, आणि पंख्याच्या पात्यांवर
काळी साय.
आमच्या टेकड्यांवरच्या चुलींचा कोळसा,
आणि त्यात गुंतलेली तंबूच्या भिंतीची लोकर.

ब्रश फिरवताना विचारलं, वडील काय करतात.
"कोळसा वाहतात. दक्षिणेला, सीमेपर्यंत.
रांगेत असतात. कधी नऊ दिवस, कधी सोळा.
रांग सरकली की मागचा हॉर्न वाजवून उठवतो."
जुन्या पेस्टची खपली झाली होती. पुसली.
तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावली.

आणि खेळातला रस्ता कुठला?
"जर्मनीतला. पाऊस असतो. रांग नसते."

मग ती दिसली. रॅमच्या पट्टीशेजारी
एक रिकामी खाच.
आठ जीबी एकाच पट्टीत बसवून
कंपनीनं दुसरी जागा तशीच सोडलेली,
दोन पाट मांडून एकालाच वाढावं तशी.
आणि आम्ही सगळे ग्राफिक्सला बोल लावत होतो.

माझ्या खणात एका मेलेल्या लॅपटॉपची पट्टी होती,
त्याच वेगाची. नोमूनदारीची.
कोरियात कारखान्यात गेली ती, जाताना म्हणाली,
ठेव, कुणाला तरी लागेल.
तिरकी धरली, दाबली. टक्.
हा आवाज मला अजून आवडतो.

आधी एकतीस फ्रेम, वीस मिनिटांनी सतरा, सत्त्याण्णव अंश.
आता एकोणपन्नास. त्र्याऐंशी.
तासभर त्यानं माझ्या गाळ्यात ट्रक चालवला,
ओल्या रस्त्यावर, वायपर लावून.
पंखा ओरडत होता अर्थात. तो ओरडणारच.
स्वस्ताईचा घसा माझ्याकडे दुरुस्त होत नाही.

पैसे घेतले, साफसफाईचे आणि पेस्टचे.
पट्टीचे नाही, तो माझा माल नव्हता.

"त्सागान सारला बाबा येतील. त्यांना चालवायला देईन."
सुट्टीवर आलेल्या ड्रायव्हरला ट्रक?
तो विचारात पडला,
मग कोटाची बटणं लावली,
लॅपटॉप आत, अजून गरम.

सणानंतर आला, बिजागरीसाठी.
चालवला का बाबांनी?
"चार किलोमीटर. मग एका पंपाशी उभा केला,
इंजिन बंद केलं,
आणि काचेवरचा पाऊस बघत बसले. चाळीस मिनिटं.
मी काही बोललो नाही."
मी बिजागरीचा स्क्रू शोधत होते, खाली मान घालून.
फ्रेम किती मिळत होत्या?
"साठ," तो म्हणाला. "उभ्या ट्रकला
साठ मिळतात."