घर्षण नगण्य धरा

ओतीलिया बाईंनी फळ्यावर उतार काढला,
उतारावर चौकोनी ठोकळा,
ठोकळ्याला तीन बाण.
एक सरळ खाली, पृथ्वीच्या ओढीचा.
एक उताराशी काटकोनात, जमीन रेटते त्याचा.
आणि तिसरा, आखूड, चढाकडे तोंड करून,
जाणाऱ्याची बाही धरल्यासारखा.
मग खडूचे हात झटकत म्हणाल्या,
"आधी सोपं करून घेऊ. तिसरा पुसा.
घर्षण नगण्य धरा."

मी पुसला नाही.
आमच्या घरी त्या बाणाला नाव आहे, बेलार्मिनो,
आणि तो पहाटे सहाला उभ्यानेच कॉफी पितो.

मोंतेच्या चर्चखालून वेताच्या गाड्या सुटतात, खाली फुंशालकडे.
चाकं नाहीत, लाकडाच्या दोन पट्ट्या फक्त;
आत पाहुणे, मागे बाबा आणि अव्हेलिनुकाका,
हातात दोर, डोक्यावर गवती टोपी.
निसटायचं तिथे चरबीचं फडकं,
धरायचं तिथे टायरचं रबर:
एवढं भौतिकशास्त्र बाबा शाळा सोडल्यावर शिकला.
सुटताना जोर जास्त लागतो, काका सांगतो,
थांबलेली गाडी हट्टी,
एकदा हलली की हट्ट सैल पडतो.
मग वळण येतं.
गाडीला सरळच जायचं असतं, समोरच्या भिंतीत,
भिंतीवरच्या निळ्या हायड्रेंजांत.
तिला वळण लावतात चार टाचा.

काल रात्री सूप निवत होतं, मी गणित सोडवत होते.
वस्तुमान डावीकडे, वस्तुमान उजवीकडे,
दोन्हींवर तिरकी रेघ.
"काय खोडलंस?"
"वजन. जाडा असो की बारीक,
उतारावर सारखेच घसरतात."
बाबा इतका हसला की चमचा खाली ठेवावा लागला.
"रविवारी दोघं भाऊ बसले होते हॅम्बर्गचे.
दोनशे दहा किलो.
मला नाही आलं खोडता."

पुस्तक खोटं नव्हतं. बाबाही.
गाडी जड झाली की तिची ओढ वाढते,
त्याच हिशेबाने पट्ट्यांचं घर्षणही. फिट्टंफाट.
पण बाबाच्या टाचा जमिनीवर दाबायला
बाबाच आहे फक्त, त्रेसष्ट किलो.
पाहुण्यांचा एकही किलो त्याच्या बुटात उतरत नाही.

हे मी समासात लिहिलं. बाईंनी वाचलं,
बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
"उद्या बूट घेऊन ये," म्हणाल्या. "दोन्ही जोड."

फळीवर बूट ठेवला, फळीचं एक टोक उचलत गेलो.
नवा एकोणचाळीस अंशांपर्यंत चिकटून.
जुना, सात आठवड्यांचा, चोविसावरच सुटला,
टेबलावरून थेट रुईच्या मांडीत.
वर्ग खिदळला. मी कोनांची टॅन काढली:
शून्य पॉइंट आठ एक.
शून्य पॉइंट चार पाच.
"फळी म्हणजे रस्ता नव्हे," बाई म्हणाल्या,
"पण फरक लक्षात घे."

घेतला. जवळजवळ निम्मा बाण.
मला वाटायचं, बाबाचे बूटच झिजतात.
रस्ताही झिजतो, काचेसारखा होत जातो,
दोघं एकमेकांना थोडं थोडं खोडतात.

"नवे शनिवारी काढू," बाबा म्हणाला, "शनिवारी गर्दी."
सकाळी तो जुने शोधत फिरला,
जिन्याखाली, खुराड्यामागे,
मला दोनदा विचारलं.
मी वहीत मान घालून बसलेली.
शेवटी नवे घातले. कुरकुरत गेला,
बूटही, तोही.

दार लागलं. मी पट्टी घेतली
आणि तिसरा बाण चौदा मिलिमीटर लांब केला.