तळ्यात, मळ्यात

हॅलोरन गावच्या सभेत त्या रात्री पंखा बिघडला होता,
म्हणून ठराव लवकरच मताला टाकला.
जॉर्जिया, एकोणीसशे बासष्ट, मे महिना.
कोर्टाचा कागद आला होता: पोहण्याचा तलाव
एकतर सगळ्यांना, नाहीतर कुणालाच नाही.

ठराव होता, सगळ्यांना.
बाजूनं तीन हात. विरोधात तीन.
लायल प्रुइटचे दोन्ही हात टेबलावर,
स्वच्छ, नखं कापलेली, औषधवाल्याचे हात.
'तटस्थ,' तो म्हणाला.
कारकुनानं लिहून घेतलं आणि शाईवर फुंकर मारली.

मतं समसमान, म्हणजे ठराव पडला.
नियमच होता तसा. प्रुइटला तो ठाऊक होता,
नियमांची वही मागच्या वर्षी त्यानंच टंकून आणली होती.

माणूस वाईट नव्हता.
सगळे सांगतात, मीही सांगते.
खोकल्याचं औषध गोऱ्याला पंच्याहत्तर सेंट,
काळ्याला पंच्याहत्तर सेंट.
फक्त खिडकी वेगळी,
मागच्या बोळात, कचऱ्याच्या डब्यांशेजारी,
आणि तीसुद्धा त्यानं पदरचे पैसे घालून
हिरवी रंगवून घेतलेली.
'आपण ना कुणाच्या अध्यात, ना मध्यात,'
असं काहीतरी तो त्याच्या भाषेत बायकोला म्हणाला
आणि झोपला. त्याला झोप लागत असे.

गुरुवारी ट्रक आले.
निळ्या फरशांवर करडी लापशी ओतत राहिले दिवसभर.
उडी मारायची फळी कुणीतरी गोठ्यासाठी नेली.
शिडी तेवढी राहिली:
स्टीलच्या दोन कमानी, जमिनीतून वर येऊन
पुन्हा जमिनीत जाणाऱ्या.
अजून आहेत. पोरं लोंबकळतात.

गोऱ्यांनी वर्गणी काढून क्लबात नवा तलाव बांधला.
रेफील्ड टिब्ज, वय नऊ, नदीवर गेला,
जसा बाप जायचा, आजा जायचा.
ऑगस्टात टोमाहा नदी वरून अगदी संथ दिसते.
काठावर आणखी तीन पोरं होती, ओरडत.
एकालाही पोहता येत नव्हतं.
कुठे शिकणार होती?

आमच्याकडे मुलं रेघ आखून खेळतात,
तळ्यात, मळ्यात, तळ्यात,
चुकला तो बाद.
रेघेवरच पाय ठेवून जिंकायचा डाव
मी तरी कुठे पाहिला नाही.
आणि तटस्थ म्हणजे तरी काय,
शब्द फोडून बघा: तटावर उभा.
पाणी कुणाच्या नाकातोंडात चाललंय
ते तिथूनच तर सगळ्यात नीट दिसतं.

सप्टेंबरात ओझेला टिब्ज हिरव्या खिडकीशी आली.
धाकटीला ताप होता.
प्रुइटनं बाटली कागदात बांधून दिली,
पैसे राहू दे म्हणाला.
तिनं फळीवर नाणी मांडली, एकेक मोजत,
पंच्याहत्तर झाले तेव्हा थांबली.
मग नेहमीच्याच आवाजात विचारलं,
'मिस्टर प्रुइट, तुम्हाला पोहता येतं?'

येतं, तो म्हणाला.
शाळेत असताना ढालही मिळाली होती,
ते तो सांगणारच होता.

'बरं,' ती म्हणाली,
आणि बाटली पदराशी धरावी तशी
कोटाच्या आत धरून बोळातून निघून गेली.

पुढच्या सभेत गटाराच्या पाइपांचा ठराव होता.
त्यावर कुणाचं दुमत असणार?
सहा हात भराभर वर गेले.
प्रुइटचा खांद्यापर्यंत आला आणि अडला.
पंखा दुरुस्त झालेला, कागद फडफडत होते.
'काय लिहू?' कारकुनानं विचारलं,
पेन धरून,
एकदा, मग पुन्हा एकदा.