चौथ्यांदा

पहिल्यांदा क्रूस हलवला तेव्हा मी सात वर्षांची.
माझ्या हातात कंदील, तोही विझका.
बापूस आणि मिंगेल मेस्त
पहारीने चिऱ्यांचा चौथरा फोडत होते.
लाट घोट्यापर्यंत येऊन जायची
आणि बापूस म्हणायचा, "जरा दम धर गे बाये."
समुद्राला म्हणायचा की मला,
अजून कळलेलं नाही.
आडवा धरला तर मयतासारखा दिसतो,
म्हणून त्यांनी तो उभाच नेला,
साठ पावलं, पेद्रूच्या माडांच्या अलीकडे.
तोवर मला वाटायचं,
देव एकदा रोवला की रोवला.

देवबाग म्हणजे वाळूचं एक पातं.
इकडे दर्या, तिकडे कर्लीची खाडी,
मधे आमची ख्रिस्तीवाडी, घरं मोजून एकोणीस.
पेद्रूचे माड गेले. पेद्रूची विहीर गेली.

दुसऱ्यांदा इनासने खालचा भार घेतला,
लग्नाला आमच्या तेव्हा चार महिने.
त्या रात्री लादीन झालं, वाडी जमली,
उकडलेले चणे आणि खोबऱ्याच्या कातळ्या वाटल्या.
इनासला दोनदा दिले मी, कोणी बघत नसताना.
पुढच्या मे महिन्यात त्याची होडी
भोगव्याच्या बाजूला उलटी मिळाली.
होडी गेली ती याच क्रूसासमोरून.

नऊ वर्षं मी त्या लाकडाशी बोलले नाही.
तेल घालायचे. रोज. तोंड वळवून.
फादर कासियान म्हणाले, "घालतेस ना अजून?"
"घालते. पण रागाने."
"रागाने घातलेलं तेलही जळतं."
मला काही पटलं नाही.
घरी येऊन बांगडे साफ केले.
खवले दोन दिवस हातांवर चिकटून होते.

मग एका संध्याकाळी वात लागेना.
दमट वारा, सहा काड्या फुकट.
सातवी ओढताना तोंडातून निघालं,
"आता तरी धर रे मेल्या."
एवढंच.
त्याला प्रार्थना म्हणायचं की नाही, फादरना विचारलं नाही.
पण त्या दिवसापासून बोलणं सुरू झालं,
बहुतेक तक्रारी, कधी बाजारभाव,
रुझारला कुवेतला नोकरी लागली तेव्हा थोडं रडणं.

तिसऱ्यांदा पुरुष बोटींवर होते.
आम्ही सहाजणींनी नेला, आडवाच, खांद्यावर,
सेवेरीन पोटुशी, तरी पुढे.
मयतासारखा दिसला तर दिसू दे,
मयतं आम्ही पुष्कळ नेली होती.

आज चौथी खेप.
रुझार फोनवर म्हणतो, "आई, सिमेंटचा बांध घाला एकदाचा,
नाहीतर नेऊन ठेवा देवळाच्या मागे.
कोण बघतं आता?"
तो मिस्साला जात नाही, मी विचारत नाही.
त्याच्या नावाने एक वात जास्त लावते,
हे त्याला सांगितलेलं नाही.

तळाचं लाकूड कुजतं.
दर वेळी वीतभर कापून टाकतो आम्ही.
बापसाच्या डोक्यावरून जाणारा क्रूस
आज माझ्याएवढा आहे.
मीही काही होते तेवढी राहिलेली नाही.
दोघं समोरासमोर उभे राहिलो
तर आडव्या फळीवर माझे खांदे बरोबर बसतात.

सेवेरीनच्या नातीने, एल्विनाने, मोबाईलचा उजेड धरलाय.
पोरं खड्डा खणतायत,
चौदा पावलंच मागे. त्याच्या मागे रस्ता,
रस्त्याच्या मागे खाडी.
"पाचव्यांदा कुठे न्यायचा?" एल्विना विचारते.
मला ठाऊक नाही.
बापसालाही ठाऊक नव्हतं,
पण पहार त्याने खाली ठेवली नव्हती.

क्रूस उभा राहिला, जरासा खाडीकडे कललेला.
पाचर मारा म्हटलं, उद्या बघू.
नाताळ तोंडावर, पहाटेचा गारठा,
बाटलीत खोबरेल गोठून पांढरं झालंय.
बाटली दोन्ही मुठींत धरून
मी उभी राहिले,
पातळ होईपर्यंत.